मिश्रणाचा संकेत क्रमांक

सातबाऱ्याच्या उताऱ्याचा वरचा भाग सगळे वाचतात: नाव कोणाचं लागलंय, क्षेत्र किती, बोजा कुठल्या सोसायटीचा. खालचा भाग, म्हणजे गाव नमुना बारा, फारसा कोणी वाचत नाही. तिथे पिकांचे रकाने असतात आणि जुन्या नमुन्यात त्यांत पहिला मान मिश्र पिकाचा असे. ‘मिश्रणाचा संकेत क्रमांक’, मग ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’, आणि त्यानंतर ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’. महसूल खात्याने एकेका शेतातली सरमिसळ नोंदवायला संकेत क्रमांक ठरवावेत, इतकी ती सरमिसळ एके काळी रोजची होती. ‘निर्भेळ’ हा शब्द तेवढा खटकतो. दुधाला आणि तुपाला लावायचा शब्द शेताला लावला, की शेजारी उभी असलेली तूर नकळत भेसळ ठरते. सोलापूरच्या आग्नेयेला पंधरा-एक किलोमीटरवर असलेल्या होटगीच्या आणि एकूण दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या रकान्यांच्या आधारे वाचता येतो. आज देशी वाणाबद्दल बोलताना सगळं कौतुक बियाण्याच्या वाट्याला जातं. इथला पुरावा वेगळं सांगतो. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, जुनं बियाणं टिकलं, चांगलं टिकलं. पण घराला वर्षभर खाऊ घालणारी व्यवस्था त्या बियाण्यात कधीच नव्हती. ती त्याच्या तासांच्या मधल्या पिकांत होती, आणि ती मधली पिकंच आधी गेली.

ही व्यवस्था समजायला जमीन आणि पाऊस यांच्यापासून सुरुवात करावी लागते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा भरवशाचा भाग येतो सप्टेंबरात, परतीच्या वेळी. म्हणून भारी काळं रान पावसाळाभर पेरायचंच नाही. कुळवाच्या पाळ्या घालून ते तणमुक्त ठेवायचं, ओल आत जिरू द्यायची, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला शाळू पेरायचा. पुढचे चार महिने त्या रोपाने जमिनीच्या पोटातल्या ओलीवर काढायचे; वरून थेंब पडला तर पडला. हलक्या, मुरमाड बरडावर मात्र मृगापासून बाजरी आणि तिच्यात तूर, मूग, मटकी, हुलगा, कडेला अंबाडी. मूग पहिल्यांदा निघायचा, मग बाजरी, मग मटकी-हुलगा. तूर एकटी मागे राहून पौषापर्यंत उभी असायची. काळ्या रानात शाळूच्या ठरावीक तासांनंतर करडईचे तास, हरभऱ्यात जवसाचे. पेरणीचं कसब साधं आणि चोख होतं: पाभरीच्या किंवा तिफणीच्या चाड्यातलं एक भोक बोळ्याने बंद करायचं, त्या फणामागे दोरीने वेगळी नळी बांधायची, आणि मागून चालणाऱ्या बाईने ओटीतली करडई मूठमूठ तिच्यात सोडत जायचं. तीच बाई पुढे विरळणीत करडईची कोवळी पानं भाजीला खुडायची, नंतर तेल्याच्या घाण्यावर बी पाठवायची. काठाला करडई लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिचे काटे. मोकाट जनावर त्या कुंपणात तोंड घालत नाही. अंबाडीची पानं भाकरीबरोबर, आणि तिच्याच सोटाच्या वाखाचा दोर बैलांच्या दावणीला. शेतातल्या तासांची यादी आणि चुलीपुढच्या डब्यांची यादी ही अशी एकच होती.

अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांची मका, घेवडा आणि भोपळा ही तिकडी जगभर प्रसिद्ध आहे. तिथे घेवडा मक्याच्या दांड्यावर चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात. आपल्याकडे कुणी कुणावर चढत नाही. इथली जुळणी वेळेची आणि खोलीची आहे. ज्वारीची मुळं वरच्या थरांत पसरतात, करडई आणि तूर सोटमूळ खोल घालतात. बाजरीला ओल लागते त्या दिवसांत तूर निवांत असते. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि ताटातही तीच गोष्ट घडते: ज्वारीच्या प्रथिनात लायसिन तोकडं पडतं, ते तुरीच्या वरणाने किंवा हुलग्याच्या माडग्याने भरून निघतं. हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, तरी घडत होतं. एवढ्यावरून ‘आपले पूर्वज थोर शास्त्रज्ञ’ असा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. तासांची आखणी ज्ञानाइतकीच भीतीतून आलेली होती. जूनचा पाऊस दगावला तर सप्टेंबरचा येईल, शाळूवर खोडमाशी पडली तर करडई राहील, हा हिशोब त्या आखणीमागे आहे. आणि ‘स्वयंपूर्णता’ हा शब्दही जपून वापरायला हवा. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार, मांग आपापलं बलुतं घ्यायला उभे असत. सारा रोखीत भरायचा होता. सावकाराची नजर राशीवर होती. कुणबी कुटुंब गावापासून तुटून स्वतःपुरतं कधी जगलं नाही. तरीही या मागणीदारांच्या डोळ्यांत भरायची ती ज्वारीची रास. पायलीभर मटकी, अधोलीभर जवस, चार शेर हुलगे हे बाजारात न्यायच्या लायकीचं नव्हतं, म्हणून ते घरातच राहायचं. छोट्या राशींचं छोटेपण हेच त्यांचं संरक्षण होतं, असं मला वाटतं.

मोठी रास जायची पेवात. काळीत पिकवायचं आणि पांढरीत साठवायचं: गावठाणाच्या घट्ट पांढऱ्या मातीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंड मातीने लिंपलेलं. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. त्या कोंडलेल्या हवेमुळेच कीड मरायची आणि ज्वारी काही वर्षं टिकायची. चांगल्या वर्षाची ज्वारी वाईट वर्षात न्यायची ही वाहतूक होती. फक्त ती रस्त्यावरून नव्हे, काळातून चालायची. इथे होटगीचं नाव इतिहासात शिरतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली १८६० मध्ये आणि रायचूरला १८७१ मध्ये. पुढे १८७६ ला सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस बुडाला, खरीप आधीच होरपळलेलं होतं, आणि सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक पोळलेल्या भागांत गणला गेला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, हा सरकारने दुष्काळी भागात पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलचा हिशोब त्याच वेळचा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला सुनावलं. दुष्काळ सरल्यावर जे लोहमार्ग ‘दुष्काळी मार्ग’ म्हणून आखले गेले, त्यांतला एक होटगीहून निघाला. त्यासाठी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि होटगी-विजापूर-गदग ही मीटरगेज गाडी १८८४ मध्ये धावू लागली. ब्रॉडगेजचं पोतं उतरवून मीटरगेजच्या डब्यात चढवायचं ठिकाण, म्हणजे होटगी जंक्शन. जंक्शन म्हणून त्याचा जन्म भुकेच्या पोटी झाला.

आता पहिला आक्षेप. मिश्र पिकं आणि पेवं इतकी गुणाची होती, तर १८७६ मध्ये माणसं का मेली? आणि रेल्वेने पुढे जीव वाचवले हे खोटं का? अमेरिकन अर्थइतिहासकार मिशेल मॅकआल्पिन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात पश्चिम भारताबद्दल हाच युक्तिवाद मांडला: धान्य हलवता येऊ लागल्यावर एका तालुक्यातलं अवर्षण म्हणजे तिथला मृत्यू, हे समीकरण मोडलं. पहिला भाग मी मान्य करतो. मिश्र पेरणी नेहमीच्या वाईट वर्षाला उतारा आहे. जूनही गेला आणि सप्टेंबरही गेला, की पेरायलाच काही उरत नाही, मग तास एक असो की नऊ. दुसऱ्या भागाला मात्र उत्तर आहे. सोलापूर तर १८७६ च्या आधी सोळा वर्षं रेल्वेवर होतं. होटगीचं जंक्शन चालू होऊन पंधरा वर्षं झाली होती तेव्हा १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर पुन्हा गर्दी लोटली. रुळांवरून धान्य येत होतं. विकत घ्यायला खिशात काही नव्हतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच तत्त्व म्हणून मांडलं, की उपासमारीचं कारण बहुधा धान्याची वाण नसून ते मिळवण्याचा हक्क गमावणं हे असतं. रेल्वेने दर समान केले हे खरं, पण समान झालेला दर चांगल्या वर्षात पेवातली ज्वारीही ओढून नेतो. वाईट वर्षात ती परत येते तेव्हा ती दुसऱ्या कुणाची तरी असते. त्या हिशोबात मटकी आणि हुलग्यांची कुणाला पर्वा नव्हती, म्हणून ती घरी राहिली आणि पेवं हळूहळू रिकामी झाली. ज्याला व्यापारात किंमत नव्हती ते पीक व्यापारी युगात काही काळ अधिक टिकलं, हा उलटा न्याय लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बियाण्याची गोष्ट यानंतरची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने कोरडवाहू शेतीकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या पैशातून १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र उघडलं. ना. वि. कानिटकर यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. बांधबंदिस्ती, वारंवार कुळवणी, रुंद अंतरावर कमी बियाणं असा ‘मुंबई पद्धती’चा जो संच पुढे सांगितला गेला, त्यातलं बरंचसं शेतकरी आधीपासून करत होते आणि केंद्राने ते मोजून दाखवलं. १९३० च्याच दशकात मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीच्या मिसळीतून निवड करून एक शुद्ध वाण काढला गेला, मालदांडी ३५-१. आज ज्याला आपण जुनं, गावरान, बापजाद्यांचं बियाणं म्हणतो ते असं सरकारी केंद्रातून आलेलं आहे. गावाच्या मिसळीतून एक ओळ वेचली, बाकीच्या ओळी मागे राहिल्या. हुरड्यासाठी राखलेली गुळभेंडी तेवढी आवडीच्या जोरावर शेताच्या एका कोपऱ्यात तगून राहिली.

पण मालदांडीचं यश नाकारता येत नाही. भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला आणि खरिपात त्याने मोठी मजल मारली. रब्बीत संकरित वाणांना मालदांडीला हलवता आलं नाही. खोडमाशीपुढे ते टिकेनात, ओल संपत आली की खडखड्याने ताट आतून पोकळ होऊन लोळे, आणि भाकरी मालदांडीसारखी पांढरी, गोडसर होईना. सगळ्यांत मोठं कारण कडबा. उंच, पानाळ, जनावराने शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खावा असा कडबा बुटक्या संकरिताकडे नव्हता, आणि दुष्काळी मुलखात कडब्याची गंजी म्हणजे दावणीचा विमा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच परंपरेला. मानांकन एका पिकाला मिळतं; त्याच्या शेजाऱ्यांना असं काही देण्याची सोय त्या कायद्यात नाही.

शेजारी कसे गेले, ते पाहिलं तर दोषी म्हणून एकाकडे बोट दाखवता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर बसलेल्या कुटुंबांनी रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो खाल्ला. मिलो म्हणजेही ज्वारीच. आफ्रिकेत जन्मलेलं धान्य दोन वाटांनी जगभर फिरलं आणि ज्वारीच्याच माहेरघरात परदेशी ज्वारी मदत म्हणून उतरली. त्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ आले आणि ताटातली भाकरी आक्रसली. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि जिथे पाणी पोचलं तिथे ऊस गेला. कोरडवाहू राहिलेल्या रानात बदल बारीक होता, पण निर्णायक. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला एकच पेटी. बोळा घालून नळी बांधायला मागे चालणारं कुणी नाही. अॅट्राझिन फवारलं तर तण मरतं आणि ज्वारी वाचते, पण तासातली मटकी तणातच जमा होते. करडईचे काटे हातमोज्यांशिवाय काढवत नाहीत, मजुरी वाढली, आणि डब्यातलं आयात पामतेल स्वस्त पडलं. यातलं प्रत्येक पाऊल उचलणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं. गंमत अशी की सोलापूरचं केंद्र पुढे आकडे काढून बाजरी-तुरीच्या दोनास एक ओळी पेरा असं सांगत राहिलं. जे आजीच्या ओटीतून चालत होतं ते नातवाला शिफारशीच्या पत्रकातून वाचावं लागलं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो बाजूला सारू नये. ही मिश्र शेती बायकांच्या पाठीवर उभी होती. वेगवेगळ्या वेळी पिकणारी नऊ पिकं म्हणजे नऊ वेळा काढणी, नऊ वेळा बडवणं, वाऱ्याच्या दिवशी सुपाने उफणणं, मातेऱ्यातून दाणे निवडणं. निर्भेळ सोयाबीन एका दिवसात मळणीयंत्रातून निघतं, आणि त्या बाईला दुपारी पाठ टेकता येते. शिवाय ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला या वैविध्यातून काय येत होतं? खळं उठल्यावरचा सरवा, म्हणजे रानात पडलेली कणसं वेचणं, आणि मजुरीची ओंजळ. जुनी घडी जशीच्या तशी परत आणा असं म्हणणाऱ्याने या दोन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत, आणि मी ते म्हणत नाही. पण आक्षेपातून निघतं ते कष्टाविषयी. मिश्रणाच्या गुणाविषयी तो काही सांगत नाही. कष्ट कमी करायला यंत्रं शोधली गेली ती सगळी एका पिकाला धरून. दोन पेट्यांचं पेरणीयंत्र काही अशक्य वस्तू नाही, आणि बाजारात ते मिळतंही, पण अनुदान, विमा, हमीभाव, कर्ज हे सगळे ‘पीक कोणतं?’ असं एकवचनी विचारतात. आणि भूमिहीनाच्या प्रश्नाचं उत्तर रेशनने दिलं, हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं. तेच रेशन १८७६ मध्ये असतं तर टेंपलच्या एका पौंडाची गोष्ट सांगावी लागली नसती. मात्र त्याच्या पिशवीत डाळ क्वचित, तेल त्याहून क्वचित, आणि हुलगा कधीच नाही. जुन्या तासांतून जे येत होतं, नेमकं तेच आज दुकानातून आणावं लागतं.

उत्पन्नाचा तिसरा आक्षेप फार वेळ घेत नाही. एकरी क्विंटल मोजले तर निर्भेळ पीक पुष्कळदा पुढे जातं, कारण मोजायला एकच पोतं असतं. कडबा, डाळ, तेल, पालेभाजी, दोर आणि काटेरी कुंपण एका तराजूत घालायची पद्धत बाजार समितीत नाही.

ही सगळी यादी अजून वर्षातून एकदा एका पातेल्यात दिसते. लातूर-धाराशिवपासून सोलापूरच्या कर्नाटकाला टेकलेल्या पट्ट्यापर्यंत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या होते, बोलीत येळवस. त्या दिवशी शाळू पोटरीत किंवा निसवलेला, हरभऱ्याला घाटे, तुरीच्या शेंगा हिरव्या. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची, रानभर आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं: बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, असतील त्या पालेभाज्या आणि वांगी, हे सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. तिला ठरीव कृती नाही, कारण शिवारात त्या दिवशी जे हिरवं असेल ते तिच्यात जातं. आता अमावास्येच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या मंडईत हे दाणे सोललेले, पिशवीत भरलेले मिळतात. कोपीभोवती मात्र चहूकडे शाळूच असतो, मोहोळच्या त्या एका ओळीचा. तिकडे २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे; शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये पीक नोंदवतो, आणि पडद्यावर त्याला निर्भेळ पीक की मिश्र पीक, असं अजूनही विचारलं जातं.